फाटकापलीकडचा मसाला

१

"ह्यो माजा मसाला न्हाय."

फाटकापलीकडच्या राई गावच्या जिजाबाईंनी डब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि असं म्हणाल्या. सोमवारचे सकाळचे साडेनऊ झाले होते. केबिन रोडच्या टोकाला, रेल्वे फाटकाला लागून हरिश्चंद्रकाकांचा मसाला कांडायचा डंख आहे. त्याच्यापुढे आम्ही सात-आठ बायका उभ्या होतो. मी तिथे कशाला गेले होते? खरं सांगते, भांडण ऐकू आलं म्हणून.

मी अनसूया. गोडदेव नाक्यावर माझा बांगड्यांचा गाळा आहे. दोन हजार पाच सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. त्या वर्षी भाईंदरला रूळ वाढवायचं काम चालू होतं. आज हे फाटक बंद, उद्या तो पूल बंद, रविवारी ब्लॉक. स्टेशनवरच्या फळ्यावर जी वेळ लिहायचे ती कधी खरी व्हायची नाही. माणसं मेटाकुटीला आली होती.

तर मसाला. जिजाबाईंच्या मुलीची, भाविकाची, हळद बुधवारी होती. सगळा राई गाव जेवायला येणार. त्यासाठी पंधरा किलो मसाला काकांनी शनिवारी कांडून तीन डब्यांत भरून ठेवला होता. तो रविवारी न्यायचा होता, पण रविवारी दहा ते पाच फाटक बंद राहणार होतं, म्हणून जिजाबाई सोमवारी आल्या. कुलूप शाबूत, डबे तिन्ही जागेवर, झाकणावर बांधलेली फडकीसुद्धा तशीच. आतला मसाला मात्र दुसराच.

"कांडलेलाच न्हाय ह्यो," जिजाबाई म्हणाल्या, "दललेला हाय. हात लावून बघा, पावडर लागते निसती. वास न्हाय, तेल न्हाय. माजी बेडगी कुठं गेली, हरिश्चंद्रा?"

काका सत्तरीचे. रत्नागिरीकडून आले आणि चाळीस वर्षं याच जागेवर उभे राहिले. आधी उखळ-मुसळ, मग डंख. त्यांनी डब्यात हात घातला, चिमूट चोळली, नाकाशी नेली.

"माझ्या हातून असं... जिजाबाई, मी नाही हो बदललेला."

"कुलूप तुजं, दुकान तुजं. मंग काय उंदरानं बदलला?" जिजाबाईंचा आवाज चढला, पण डोळ्यांत पाणी होतं. "बुधवारपरत मसाला भेटला तर ठीक हाय. न्हाय तर हळदीला आख्ख्या गावाला सांगन, हरिश्चंद्रानं चोरी केली म्हून."

कोणीतरी मागून पुटपुटलं, "दळलेला मसाला म्हणजे प्रणितच्या चक्कीवरचा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. प्रणित माझा मुलगा.

आणि तेवढ्यात गर्दी बाजूला करत कोण आलं असेल? आमच्या मोठ्या जाऊबाई, गोदूबाई.

२

जाऊबाईंचं काय सांगू! आमच्या सासऱ्यांचा बांगड्यांचा धंदा दोन भावांत वाटला गेला. थोरल्याला केबिन रोडचं दुकान आणि आम्हाला गोडदेवचा गाळा. गिऱ्हाईकं तिच्याकडे, मान तिच्याकडे, आणि चाळीत कोणाची अंगठी हरवली, कोणाची सून रुसली, की विचारायचं कोणाला? गोदूबाईंना! त्यांनी डोळे बारीक केले की लोकांना वाटतं, लागला शोध. भाविकाचा चुडासुद्धा भरायला त्यांनाच बोलावलं. मला नाही. मी काय काचेच्या बांगड्या विकते आणि त्या सोन्याच्या विकतात?

जाऊबाईंनी मसाला चिमटीत घेतला, वास घेतला, शिंकल्या. मग म्हणाल्या, "चोर आला असता तर डबे घेऊन गेला असता. हा दुसरा माल भरून, फडकं परत बांधून गेला. म्हणजे त्याला मसाला नको होता. जिजाबाईंनी डबा उघडावा आणि काकांचं नाव जावं, हे हवं होतं. हे पोटदुखीचं काम आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, नाइलाजाने.

"किल्ली कुठे असते, काका?"

"मीटरच्या पेटीमागे, खिळ्याला. शेजारच्या हंसाबेनना ठाऊक, सदूला ठाऊक. आणि प्रणितला. आठ वर्षं होता ना माझ्याकडे."

"बघा!" परत तोच आवाज मागून.

मी पदर खोचला. "ताई, तुम्हाला शोध लावायचाय ना? मी येते बरोबर. माझ्या पोराचं नाव निघालंय, तर सगळं माझ्या कानांनी ऐकणार."

"ये की," त्या म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मला आणखीच राग आला.

काकांच्या दाराला पाटी लटकत होती. शुक्रवारी त्यांनी स्वतःच्या हाताने खडूने लिहिलेली: 'रेल्वेच्या कामामुळे येत्या गुरुवारपासून दुकान वाढवत आहे. लोभ असावा.' ती शुक्रवारीच वाचून माझं डोकं फिरलं होतं. माझ्या प्रणितने नवी चक्की टाकून दोन वर्षं झाली, बटण दाबलं की मिनिटात किलोभर. तरी राईच्या बायका फाटक ओलांडून या म्हाताऱ्याकडेच यायच्या, दिवसभर मिरच्या पसरून बसायच्या. आणि आता हे! जाताजाता पाटीकडे बघून मी तोंड फिरवलं.

पहिल्या हंसाबेन. बाजूला त्यांचं फरसाणचं दुकान. वीस वर्षं काकांशी त्यांचं रोज वाजायचं, मिरचीची पूड उडून त्यांच्या गाठियांवर बसते म्हणून.

"मैं क्या करूँगी, बेन?" त्यांनी नाकाला पदर लावला. "मिरची का डब्बा खोलूँ तो मेरेको दम चढता है, पूछो डॉक्टर को. संडे को साढे दस बजे काका डब्बे पे कपडा बाँधके ताला लगा रहे थे, वो देखा. मैं एक बजे दुकान बंद करके घर गई. और अभी तो थोडे दिन की बात है. इतने साल झगडा किया, अब क्या करना?"

थोड्या दिवसांची बात? मला वाटलं, काका वाढत वाढत यांच्या गाळ्यापर्यंत येणार, म्हणून बिचारी जागा सोडतेय. केवढी हाव म्हाताऱ्याला!

मग सदू. काकांचा डंख चालवणारा, वीस वर्षं त्यांच्याकडे असलेला जुना माणूस. उजवा हात महिनाभर प्लॅस्टरमध्ये. दारात बसून डाव्या हाताने चहा पीत होता.

"मी पाच-पाच किलोचे डबे उपसणार? या हातानं?" त्याने प्लॅस्टर दाखवलं. "फडकं बांधायला तर दोन हात लागतात, गोदूताई. आणि मी काकांचं वाईट करीन? दुकान वाढवल्यावर माझं काय, एवढंच डोक्यात फिरतंय. झोप नाही दोन दिवस."

"काही बोलले काका?"

"काय बोलणार? म्हणाले, बघू. त्यांनाच रडू येतंय."

रडू येतंय म्हणे! मी मनात म्हटलं, आनंदाचं असेल. दुकान मोठं झालं की गावाहून पुतण्याला आणणार आणि सदूला घरी बसवणार. जाऊबाई मात्र सदूच्या खांद्यावर हात ठेवून उगाच उभ्या राहिल्या.

"दोघं गेले," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "आता राहिला एकच."

३

प्रणित चक्कीवर होता. अंगावर पीठ, कानात गाणी. एकतीस वर्षांचा आहे, पण मला बघून अजून लहान मुलासारखा हसतो. जाऊबाईंना बघितलं आणि हसू गेलं.

"काकी, मला माहितीये तुम्ही कशाला आलायत. बघा, शोधा सगळं. पब्लिक काय, काहीही बोलतं."

"शोधत नाही रे. रविवारी कुठे होतास तेवढं सांग."

"पलीकडे. मुर्ध्याला, दोस्ताकडे. सकाळी बाइक घेऊन गेलो, दहाला फाटक पडायच्या आत. मग अडकलोच ना! पाचला ब्लॉक संपला, फाटक उघडलं, तसा पहिला मीच आलो. बाइक काय पुलावरून नेणार?"

"बघा!" मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला. रविवारी सकाळी साडेदहाला हंसाबेननी काकांना डब्यांवर फडकी बांधताना पाहिलं होतं. म्हणजे जे झालं ते त्यानंतर. आणि त्या वेळेला माझा मुलगा रुळांच्या पलीकडे. झालं! मिटलं!

"बरोबर," जाऊबाई म्हणाल्या. "एकदा फाटक पडलं की बाइकला दुसरा रस्ता नाही."

त्या निघाल्यासुद्धा. उंबऱ्यावर थांबल्या.

"तुला काय वाटतं रे, कोणी केलं असेल?"

"कोण कशाला? काकांनीच केलं असेल," प्रणित म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, मला ओळखीचं वाटलं. माझाच आवाज होता तो. "रेल्वेवाले जागा देतायत, दुकान डबल होतंय. एवढा माल काढायचा तर आता असाच काढणार ना, चक्कीवरून दळून. आठ वर्षं मी त्यांच्याकडे घासली. डबल करताना एकदा तरी विचारलं? पार्टनर हो म्हणून? विचारलं असतं तर काय झालं असतं?"

"डबल?" जाऊबाई वळल्या. "तुला कोण बोललं, डबल होतंय म्हणून?"

"आई बोलली."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले नाहीत. उलट मोठे केले. मला ते अजिबात आवडलं नाही.

४

संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. प्रणित अजून चक्कीवर होता. मी चहा टाकला नाही. मुद्दाम.

"अनसूये, काल मी राईला गेले होते, भाविकाला चुडा भरायला."

"माहितीये." मला काय ते विसरायला होणार होतं?

"निघाले साडेचारला. म्हटलं पाचला फाटक उघडेल. माझे गुडघे असे, पुलाचे जिने काही चढवत नाहीत, म्हणून बसले तिथेच फाटकाजवळ, पेटी मांडीवर घेऊन. पाच वाजले, फाटक बंद. सहा वाजले, बंद. त्यांचं कसलं ते मशिन रुळांवर अडकून बसलं होतं म्हणे. माणसं शिव्या घालून दमली. फाटक उघडलं पावणेआठला. माझ्या पुढे कोण उभं होतं, मागे कोण होतं, सगळ्यांच्या पाठी मला तोंडपाठ झाल्यात. प्रणित त्यांत नव्हता."

मी उठून चहाचं आधण टाकलं.

"तो पाच म्हणाला, कारण फळ्यावर पाच लिहिलं होतं. पलीकडे असता तर पावणेआठ म्हणाला असता, आणि दहा शिव्यासुद्धा दिल्या असत्या. पण मी एकटीने बघितलं म्हणून काय? अंधारात चुकले असेन, म्हणतील लोक. तू सांग. काल प्रणित किती वाजता घरी आला?"

बाई गं! माझ्या डोळ्यांपुढे घड्याळच आलं. सहा. सहाला मी त्याला चहा दिला होता. त्याची बाइक दारात उभी होती आणि तिच्या सीटवर मी ओलं पायपुसणं वाळत टाकलं होतं, त्यावरून तो माझ्यावर ओरडलाही होता. सहाला फाटक बंद होतं. मग त्याची बाइक माझ्या दारात कशी?

हे फक्त मला ठाऊक होतं. जगात दुसऱ्या कोणाला नाही.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी जोर केला नाही. "दुसरं सांग. दुकान डबल होतंय हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पाटी आहे ना! दुकान वाढवत आहे, स्वच्छ लिहिलंय."

"गिऱ्हाइकाच्या हातात भरताना बांगडी फुटली, तर तू काय म्हणतेस गं? फुटली म्हणतेस?"

"काहीतरीच काय ताई! बाईमाणसाच्या बांगडीला फुटली म्हणतात का? वाढ..."



वाढली. आम्ही म्हणतो, बांगडी वाढली. मंगळसूत्र तुटलं तर वाढलं. रात्री गाळ्याची फळी लावताना माझे सासरे म्हणायचे, चला, दुकान वाढवू या. बंद हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. दिवसातून पन्नास वेळा मी तो शब्द वापरते, पोट भरते त्याच्यावर. आणि ती पाटी वाचताना मला त्याचा दुसराच अर्थ दिसला. कारण मला तोच बघायचा होता.

"ते बंद करतायत?"

"कायमचं. नवे रूळ त्यांच्या ओट्यावरून जाणार, फाटकही जाणार. राईच्या बायका येणार कुठून? गुरुवारी गावी जातायत. जिजाबाईंचा मसाला हा त्यांचा शेवटचा. हंसाबेनना ठाऊक, सदूला ठाऊक. पाटी सगळ्यांनी वाचली, अनसूये. डबल वाचलं ते तू एकटीने."

त्या उठल्या. "उद्या नऊला जिजाबाई येणार आहेत दुकानात. काकांना एवढंच हवंय की जाताना चोर म्हणून जाऊ नये. तुला काही आठवलं तर ये."

५

प्रणित जेवायला बसला तेव्हा मी ताट वाढलं आणि समोर बसले.

"कुठे ठेवलायस?"

त्याने घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. "चक्कीमागे. गव्हाच्या पोत्यांखाली. विकला नाही, आई. एक चिमूटसुद्धा नाही."

"का रे?"

"मला राग आला. तू दोन दिवस तेच बोलत होतीस. बघ, म्हातारा कसा वाढतोय, तू बस पीठ दळत. मला वाटलं, एकदा तरी त्यांचं नाव खाली येऊ दे."

मी त्याला पाटीचं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग इतकंच म्हणाला, "पण तू तर बांगड्या विकतेस. तुला कळायला पाहिजे होतं ना?"

माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

खरं सांगू का? तरीही मी विचार केला. मसाला गुपचूप ठेवून यावा, कोणाला पत्ता लागणार नाही. पण मग काकांचं काय? चोर परत ठेवून गेला, की काकांनीच लपवला होता, राईवाल्या काय म्हणतील? चोर सापडला नाही तर नाव काकांचंच राहणार. आणि चोर सापडला, तर माझ्या पोराच्या चक्कीवर राईची एकही बाई पाऊल ठेवणार नाही. दोन्ही नावं वाचत नव्हती. एकच वाचणार होतं.

मंगळवारी नऊला मी आणि प्रणित तीन डबे डोक्यावर घेऊन केबिन रोडवरून गेलो. सगळ्या दुकानांतून माना बाहेर आल्या. येऊ देत म्हटलं.

काकांचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं. जिजाबाई डंखाजवळ स्टुलावर बसल्या होत्या, सदू होता, हंसाबेन नाकाला पदर लावून उभ्या. जाऊबाई कोपऱ्यात.

"रविवारी फाटक पावणेआठला उघडलं," मी म्हटलं. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माझा मुलगा सहाला घरी होता, बाइकसकट. तो पलीकडे गेलाच नव्हता. मसाला त्याने बदलला. हा घ्या तुमचा. आणि त्याच्या डोक्यात ते भरवलं मी. पाटी मी उलटी वाचली. काकांना चोर म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा."

जिजाबाईंनी डबा उघडला. बोट बुडवलं, जिभेला लावलं. डोळे मिटले.

"हां. ह्यो माजा." मग काकांच्या पाया पडायला वाकल्या. काकांनी घाईघाईने त्यांना अडवलं. "हरिश्चंद्रा, माजी जीभ झडो. हळदीला तू येशील, पयल्या पंगतीला. तुला वाढल्याबिगर कुनाला वाढनार न्हाय."

प्रणितकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

काका डबा हातात घेऊन उभे होते.  मग प्रणितला म्हणाले, "आठ वर्षं तुला शिकवलं. मिरची किती भाजायची, कुठल्या गावाला किती धणे. तू चक्की टाकलीस तेव्हा मला राग नाही आला रे. म्हटलं, फिरून येईल. हा डंख मी गावी घेऊन जाऊन काय करणार होतो? गुरुवारी तुझ्या हातात द्यायचा होता. राईच्या बायकांना सांगायचं ठरलं होतं, आता प्रणितकडे जा."

प्रणित रडायला लागला. एकतीस वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर.

"काका, मी..."

"आता नाही," काका म्हणाले. रागाने नाही, अगदी साधं. "आता सदू घेऊन जाईल. जिजाबाई, राईला तुमच्या अंगणात जागा द्याल ना त्याला?" जिजाबाईंनी मान डोलावली.

सदूने प्लॅस्टरचा हात छातीशी धरला आणि आमच्याकडे बघायचं टाळलं. बिचाऱ्याला आनंद लपवता येत नव्हता. मी बघितलं ते, आणि काय सांगू, पोटात परत तीच जुनी कळ उठली. लाज वाटली मला, पण उठली.

परत येताना प्रणित पुढे निघून गेला. जाऊबाई माझ्याबरोबर चालत होत्या, गुडघे धरत धरत. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला काल संध्याकाळीच सगळं कळलं होतं. चार लोकांत का नाही बोललात?"

"काय बोलणार? तो किती वाजता घरी आला, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? तू आठ म्हणाली असतीस तर मी काही करू शकत नव्हते." त्या थांबल्या, दम खाल्ला. "आणि तुझ्या जागी मी असते ना अनसूये, तर मी आठच म्हणाले असते."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी या बाईच्या वरचढ ठरले होते. तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, भर केबिन रोडवर. किती वर्षं वाट बघितली होती मी या क्षणाची!

मी तिथेच, एका बंद शटरच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.